चुंबकत्व शिकवताना: तयारी, प्रयोगांचा क्रम आणि नेमके कुठे बिनसते

‘सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण, विजातीय ध्रुवांत आकर्षण’ हे सहावीतल्या बहुतेक मुलांना पाठ असते. तीच मुले आठवीत आल्यावर तांब्याच्या तारेला चुंबक चिकटेल म्हणून सांगतात, मोठे चुंबक म्हणजे जास्त ताकदीचे असे ठासून म्हणतात आणि उत्तर ध्रुवावर धन प्रभार असतो असे लिहून मोकळी होतात. प्रयोग झालेले नसतात असे नाही. ते होतात, पण उलट्या क्रमाने: आधी व्याख्या, मग फळ्यावर बलरेषांची आकृती, आणि वेळ उरला तर पडताळा. उत्तर आधीच कळलेले मूल प्रयोगात तेवढेच पाहते, आणि त्याची जुनी समजूत जिथल्या तिथे राहते.

खालचा क्रम सहावी ते आठवीसाठी आहे. ३५-४० मिनिटांच्या सात-आठ तासिका लागतात. सहावीला पहिले चार टप्पे पुरेत. पाचवा आणि सहावा सातवीत, विद्युतचुंबक आठवीत. वेळ कमी असेल तर सहावा टप्पा आखूड करा, पण पहिला आणि पाचवा गाळू नका.

## तयारी: आदल्या दिवशी तासभर

चार-पाच मुलांच्या एका गटाला दोन पट्टीचुंबक, एक चुंबकसूची, ४०-५० टाचण्या, दोन यू-क्लिपा, शिवणाचा दोरा, शिवणाची एक मोठी सुई आणि वर्गीकरणाच्या वस्तूंची एक पिशवी लागते. सामान वाटण्याआधी चार गोष्टी तपासा.

चुंबकसूच्या उलट्या नाहीत ना. सगळ्या चुंबकसूच्या लाकडी टेबलावर एकमेकींपासून फूटभर अंतरावर मांडा. सगळ्यांची रंगीत टोके उत्तरेकडे हवीत. शाळेच्या संचात एखाद-दुसरी हमखास उलटी निघते, कारण कोणीतरी तिला जोरदार चुंबक लावलेले असते. ती दुरुस्त होते. डबी तिरकी धरून सूची अडकवा आणि पट्टीचुंबकाचा दक्षिण ध्रुव काचेवरून सूचीच्या मध्यापासून रंगीत टोकाकडे दोन-तीनदा झटकन ओढा. चुंबक बाजूला नेऊन पुन्हा पाहा.

चुंबकावरची अक्षरे खरी आहेत ना. स्वस्त पट्टीचुंबकांवरचा रंग किंवा अक्षर चुकीच्या टोकाला असू शकते. प्रत्येक चुंबक दोऱ्याने टांगून पाहा आणि उत्तरेकडे थांबणाऱ्या टोकाला स्वतः चिकटपट्टी लावा.

चुंबक मेलेले नाहीत ना. पट्टीचुंबकाच्या एका टोकाला १० टाचण्याही लटकत नसतील तर तो बाद समजा. चुंबक मरतात ते बहुतेक ठेवण्याच्या पद्धतीमुळे. ते जोडीने, विजातीय ध्रुव शेजारी येतील असे, मध्ये लाकडी पट्टी घालून आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचा तुकडा लावून ठेवायचे असतात. आपण ते खोक्यात गठ्ठ्याने टाकतो, वर फरशीवरही पाडतो.

टाचण्या लोखंडाच्याच आहेत ना. काही पाकिटांत पितळी टाचण्या असतात. तासाच्या मध्येच हे लक्षात आले तर तो तास हातचा गेला.

> धोका: निओडायमियमची छोटी, चकचकीत, खूप ताकदीची चुंबके मुलांच्या हाती देऊ नका. अशी दोन चुंबके पोटात गेली तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतडे फाटते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. जुन्या स्पीकरमधले काळे कडीचुंबक वर्गाला उत्तम.

## टप्पा १: अंदाज आधी, चुंबक नंतर

चुंबक अजून वाटू नका. फक्त पिशवी द्या. तिच्यात लोखंडी खिळा, सेफ्टी पिन, तांब्याची तार, पितळी किल्ली, अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा, पत्र्याच्या डब्याचे झाकण, रुपयाचे नाणे, पाच रुपयांचे पिवळसर नाणे, स्टीलचा चमचा, स्टीलची वाटी, खडू आणि प्लास्टिकची पट्टी असावी.

१. प्रत्येक मुलाने वहीत तीन रकाने आखावेत: अंदाज, कारण, दिसले ते.
२. पहिले दोन रकाने पेनाने भरून घ्या. पेन्सिलीने लिहिले तर नंतर खोडले जाते.
३. मग चुंबक द्या.
४. अंदाज चुकलेल्या ओळींना मुलांकडूनच खूण करवून घ्या. चूक कापू नका. चर्चा त्याच ओळींवर होणार आहे.

‘कारण’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘धातू आहे म्हणून’, ‘चमकते म्हणून’, ‘जड आहे म्हणून’ ही तीन कारणे पुन्हा पुन्हा येतात. तांबे आणि फॉइल पहिली दोन तिथेच मोडतात. तिसऱ्यासाठी चुंबक पितळी किल्ली सोडून हलकी सेफ्टी पिन उचलते, तेवढे दाखवा.

खरी अडचण स्टीलची. रुपयाचे नाणे चिकटते, चमचा बहुधा चिकटतो, वाटी चिकटत नाही. एखादा मुलगा लगेच म्हणतो, “सर, वाटी लोखंडाची नाहीच.” इथे बरेच शिक्षक ‘बरोबर’ म्हणून पुढे सरकतात. पण ते बरोबर नाही. ताट-वाट्यांच्या नेहमीच्या १८-८ स्टीलमध्ये सुमारे ७० टक्के लोखंडच असते, सोबत १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तो मिश्रधातू चुंबकाला दाद देत नाही. सध्याच्या रुपयाच्या नाण्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम आहे, निकेल नाही, म्हणून ते चिकटते. उलट, जुने तांबे-निकेलचे रुपयाचे नाणे घरात सापडले तर तेही पिशवीत टाका: निकेल एकटे असले तर चुंबकाला चिकटते, पण या नाण्यात २५ टक्के निकेल असूनही ते चिकटत नाही. सहावीच्या मुलांना टक्केवारी नको. ‘कशाचे बनले आहे यासोबत आत मांडणी कशी आहे यावरही अवलंबून’ एवढे पुरे. पाचव्या टप्प्यात याचा उपयोग होतो.

वाटीचा काठही तपासू द्या. पत्रा जिथे दाबून वळवला आहे तिथे चुंबक किंचित ओढल्यासारखे वाटू शकते. ठोकण्या-वळवण्याने तिथली रचना थोडी बदललेली असते. हे एखाद्या मुलीला आपणहून सापडले तर सगळ्या वर्गाला बोलावून दाखवा.

> तपासा: “सोन्याची अंगठी चिकटेल का? तुम्ही करून पाहिलेली नाही, तरी सांगा.” धातू आहे म्हणून ‘हो’ म्हणणारे पाच-सहा जण अजून असतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: ताकद कुठे आहे, कशातून पोहोचते

पट्टीचुंबक टाचण्यांच्या ढिगात आडवा बुडवून उचला. टोकांना घोस लागतात, मध्यावर जवळजवळ काही नाही. मुलांनी तीन जागी टाचण्या मोजून लिहाव्यात. ‘ध्रुव’ हा शब्द यानंतरच फळ्यावर लिहा.

आकार आणि ताकद यांचा गैरसमज इथेच निकाली काढा. जुना, मोठा, अशक्त पट्टीचुंबक आणि स्पीकरमधला छोटा कडीचुंबक शेजारी ठेवा, आधी अंदाज घ्या, मग टाचण्या मोजा. कडीचुंबकाचे ध्रुव सपाट बाजूंवर असतात. ‘ध्रुव म्हणजे लांब टोके’ अशी पक्की समजूत होण्याआधी हे दिसलेले बरे. फ्रिजला लावायची रबरी चुंबके मात्र या टप्प्यात बाहेर काढू नका. त्यांत उत्तर-दक्षिण पट्ट्या आळीपाळीने असतात आणि मुले पार गोंधळतात.

आता तरंगती क्लिप. यू-क्लिपेला दोरा बांधून दोऱ्याचे दुसरे टोक टेबलाला चिकटवा. वर पुठ्ठ्याच्या खोक्याला चुंबक चिकटवून क्लिप त्याखाली सुमारे १ सेंटीमीटर अंतरावर हवेत ताणून राहील असे जमवा. त्या फटीतून कागद, प्लास्टिकची पट्टी, फॉइल आणि शेवटी पत्र्याचे झाकण सरकवा. पहिल्या तिघांनी काही होत नाही. पत्र्याने क्लिप खाली पडते. ‘चुंबकाला मधली वस्तू अडवते’ असे मानणारी आणि ‘काहीच अडवत नाही’ असे मानणारी, दोन्ही मुले इथे चुकतात.

*नेहमीची चूक:* फट दीड-दोन सेंटीमीटर ठेवली की नुसता धक्का लागूनही क्लिप पडते, आणि मुले लिहितात, ‘कागदाने अडवले’. वस्तू क्लिपेला किंवा दोऱ्याला न टेकवता सरकवा.

## टप्पा ३: प्रतिकर्षण हीच खरी कसोटी

तीन सारख्या पट्ट्या कागदात गुंडाळून द्या: दोन चुंबक, एक साधे लोखंड. दुसरी कुठलीही वस्तू द्यायची नाही. “यातली लोखंडाची कोणती ते शोधा, आणि कशावरून ते सांगा.”

पहिली दहा मिनिटे मुले आकर्षणावरच अडकतात: “हे याला चिकटले, म्हणजे दोन्ही चुंबक.” तुम्ही काही बोलू नका. कुठल्यातरी गटात दोन टोके एकमेकांना ढकलतात आणि तिथून गाडी पुढे जाते. आकर्षण चुंबक-चुंबकात होते तसे चुंबक-लोखंडातही होते. प्रतिकर्षण मात्र दोन चुंबकांतच होते. नियम मुलांच्या तोंडून आल्यावर मगच सजातीय-विजातीय हे शब्द द्या.

> सावधान: एक चुंबक फार ताकदीचा आणि दुसरा अशक्त असला तर सजातीय ध्रुवही अगदी जवळ नेल्यावर चिकटतात, कारण जोरदार चुंबक अशक्त चुंबकाचा तो भागच उलटवतो. जोड्या सारख्या ताकदीच्या निवडा.

प्रभार आणि ध्रुव यांची गल्लतही इथेच सोडवा. कोरड्या केसांवर घासलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे आणि फॉइलचे तुकडे उचलतो, चुंबक त्यांतले काहीच उचलत नाही. कंगव्याला दोन वेगळी टोके नसतात. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा ऑक्टोबरनंतर करा. घासलेला कंगवा चुंबकसूचीजवळ नेऊ नका. सूची धातूची असल्याने प्रभारित कंगव्याकडेही वळते आणि सगळे मुसळ केरात.

## टप्पा ४: टांगलेला चुंबक

मोकळा टांगलेला चुंबक कोणत्या दिशेला थांबतो, या प्रयोगात दहा गटांची दहा वेगळी उत्तरे येतात. दोष बेंचचा असतो. लोखंडी पायांचे बेंच, खिडकीचे गज, टेबलाचे खिळे, स्टँडचा लोखंडी दांडा, सगळे चुंबकाला आपल्याकडे ओढतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विद्युतधारेने मोजणी बिघडणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी १९०४ साली अलिबागला न्यावी लागली होती. आपल्याला निदान मैदानात जाता येते.

१. लाकडी पट्टी किंवा झाडाची फांदी घ्या. आजूबाजूला दीड-दोन मीटरपर्यंत लोखंड नको. दुसऱ्या गटाचा चुंबकही तितकाच लांब हवा.
२. कागदाची झोळी करून चुंबक आडवा ठेवा. दोरा आधी लोंबकळता ठेवून त्याचा पीळ सुटू द्या. पीळ राहिला तर चुंबक दोऱ्याचेच ऐकतो.
३. दोन-तीन मिनिटे थांबा. हात लावून ‘थांबवू’ नका.
४. वेगळ्या दिशेने सोडून पुन्हा पाहा. किमान तीनदा.

वारा असेल तर प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन थर्माकोलच्या तुकड्यावर चुंबक ठेवा. तो कडेला जाऊन अडकतो, बोटाने मध्यभागी आणत राहावे लागते. महाराष्ट्रात चुंबकसूचीची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक पडतो, त्यामुळे मैदानावर दिशा आखायला कुठलीही दुरुस्ती नको.

पृथ्वीच्या भौगोलिक उत्तरेला चुंबकीय दक्षिण ध्रुव कसा, हा प्रश्न मुलांनी विचारला तरच घ्या. तिसऱ्या टप्प्याचा नियम वापरून तो त्यांनाच सोडवू द्या.

## टप्पा ५: चुंबक बनवा, मग मोडा

माझ्या मते सगळा विषय या टप्प्यावर उभा आहे. चुंबकत्व हा एखादा पदार्थ आहे, तो टोकांत साठतो, घासला की दुसऱ्यात शिरतो, हे चित्र इथेच बदलते.

सुई. टेबलावर सुई चिकटपट्टीने पक्की करा. पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव सुईच्या नेढ्यापासून टोकापर्यंत घासा, टोकाशी आल्यावर हात चांगला उंच उचलून पुन्हा नेढ्यापाशी आणा. असे ३०-४० वेळा. टोक कोणता ध्रुव होईल, हे आधी लिहून घ्या. टोक दक्षिण ध्रुव होते: घासणे जिथे संपते तिथे घासणाऱ्याच्या विरुद्ध ध्रुव. चुंबकसूचीचे उत्तर टोक सुईच्या टोकाकडे ओढले जाते, तेवढ्याने मात्र शेवट करू नका. प्रतिकर्षणही पाहा: नेढे उत्तर टोकाला ढकलते का?

घासण्याआधी आणि नंतर पट्टीचुंबकाला किती टाचण्या लागतात ते मोजायला लावा. संख्या कमी होत नाही. सुईत काही ‘शिरले’ असते तर ती कमी झाली असती.

*नेहमीची चूक:* मुले पुढे-मागे घासतात. मग सुई चुंबक होत नाही किंवा अर्धवट होते.

पाते मोडणे. हॅकसॉचे साधे, कडक पाते असेच घासून चुंबक करा. लवचीक पाते घेऊ नका, ते मोडत नाही. पाते जाड फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून शिक्षकांनीच मोडायचे. मोडण्याआधी विचारा, “अर्ध्या तुकड्याला किती ध्रुव?” ‘एकच’ हे उत्तर मोठ्या संख्येने येईल. तुकडा चुंबकसूचीजवळ न्या, मोडलेल्या कडेलाही ध्रुव सापडतो. पुन्हा अर्धा करा. पुन्हा तेच.

लोहकिसाची नळी. परीक्षानळीत दोन-तृतीयांश लोहकीस भरून बूच लावा आणि नळी आडवी धरून बाहेरून एकाच दिशेने २०-२५ वेळा चुंबक फिरवा. नळी न हलवता चुंबकसूचीजवळ नेली की ती चुंबकासारखी वागते. मग नळी जोरात हलवा. चुंबकत्व गेले. लोहकीस तेवढाच आहे, वजन तेवढेच आहे. मग काय बदलले? हा प्रश्न टाकून गप्प बसा.

आता वर्गालाच उभे करा. प्रत्येकाच्या हातात बाण काढलेला कागद. सगळे वाटेल त्या दिशेला तोंड करून उभे, ते साधे लोखंड. सगळे फळ्याकडे तोंड करून, तो चुंबक. ओळ मध्ये तोडली तरी प्रत्येक तुकड्याला पुढची आणि मागची बाजू आहेच. चुंबक आपटल्यावर अशक्त का होतो, तापवल्यावर का जातो, खिळा चुंबकाला लागला की त्याला दुसरा खिळा का लटकतो, ही उत्तरे मुले याच ओळीवरून देतात. शेवटच्या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकातले नाव प्रवर्तित चुंबकत्व. नाव आता द्या.

## टप्पा ६: क्षेत्र आणि बलरेषा

आधी चुंबकसूची, मग लोहकीस. क्रम उलटा केला की मुलांना रेषा म्हणजे हवेतले खरे धागे वाटतात.

कागदाच्या मध्यभागी चुंबक ठेवा. सूचीच्या दोन्ही टोकांशी ठिपका द्या, सूची सरकवून तिचे मागचे टोक पुढच्या ठिपक्यावर आणा, पुन्हा ठिपका. अशा दोन-तीन रेषा पुरेत. नंतर विचारा, “या दोन रेषांच्या मधल्या जागेत काही आहे का?” सूची तिथे ठेवली की उत्तर मिळते.

लोहकीस वापरताना चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर तो किसापासून सुटता सुटत नाही. वर जाड कागद ठेवा, फूटभर उंचीवरून गाळणीतून चिमूटभर कीस भुरभुरा, पेन्सिलीने हलके टिचक्या मारा. जास्त कीस पडला की सगळा काळा डाग होतो. लोहकीस नसेल तर नदीकाठच्या कोरड्या वाळूतून पिशवीत घातलेला चुंबक फिरवा. दख्खनच्या बेसाल्टमधले काळे मॅग्नेटाइटचे कण चिकटतात. पिशवीतून चुंबक बाहेर काढला की कण डबीत पडतात.

आठवीला मोबाइलमधला चुंबकमापीही वापरता येतो. चुंबक जवळ नसताना आपल्याकडे साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला (चुंबकी क्षेत्र मोजण्याचे एकक) दिसते. फोनच्या मागे चुंबकी कव्हर असेल तर ते काढा.

## टप्पा ७: विद्युतचुंबक

तीन इंची मऊ लोखंडी खिळा किंवा बोल्ट, मोटार वाइंडिंगवाल्याकडची २६ गेजची इनॅमलची तार, १.५ व्होल्टचा एक सेल. ५० वेढे द्या, टाचण्या मोजा, मग १०० वेढे.

प्रयोग फसतो तो तीन ठिकाणी. तारेची टोके पॉलिश पेपरने घासून इनॅमल काढलेले नसते, त्यामुळे विद्युतधाराच वाहत नाही. दुसरा थर देताना वेढ्यांची दिशा उलटते आणि दोन थर एकमेकांना खोडतात. किंवा काँक्रीटचा कडक खिळा घेतलेला असतो, जो सेल काढल्यावरही चुंबकच राहतो. तिसरे बिघडणे उपयोगाचे आहे. मऊ आणि कडक लोखंडातला फरक त्यातूनच दाखवा.

> धोका: जोडणी पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. मोबाइलची बॅटरी, चार्जर किंवा घरातला प्लग अजिबात नको.

## टप्पा ८: समजले का, हे कसे ओळखायचे

व्याख्या विचारू नका. तीन कामे द्या.

१. दोन सारख्या पट्ट्या, एक चुंबक आणि एक लोखंड. तिसरी वस्तू नाही. ओळखा. एका पट्टीचे टोक दुसरीच्या मध्यावर टेकवायचे. चांगले ओढले तर टोक टेकवलेली पट्टी चुंबक, जेमतेम ओढले तर ती लोखंड. जमले नाही तर दुसऱ्या टप्प्याकडे परत.

२. ‘चुंबक चिकटले नाही, म्हणून या वस्तूत लोखंड नाही.’ बरोबर की चूक, कारणासह. वाटीचा दाखला यायला हवा. आला नाही तर पहिला टप्पा.

३. कडीचुंबकाचे बाहेरून आत असे सहा तुकडे केले तर एकूण ध्रुव किती, आकृती काढून दाखवा. बारा ध्रुव, आणि प्रत्येक तुकड्याचे ध्रुव सपाट बाजूंवरच. ‘बारा’ लिहून ध्रुव तुकड्यांच्या टोकांना दाखवले असतील तर मुलाला संख्या कळली, बाणांची मांडणी नाही. त्याला पूर्ण गुण देऊ नका, कागदी बाण पुन्हा हातात द्या.